शेवटच्या आजारावर विनोदी सिनेमा: गोव्यात, थोड्या पैशांत कसा जमवावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिचोलीतला एक नाट्यगट 90 मिनिटांचा मराठी सिनेमा करायच्या तयारीत आहे. नायक निवृत्त शाळामास्तर, वय 64, स्वादुपिंडाचा कॅन्सर, हातात वर्षही नाही. मास्तर स्वतःच्याच बाराव्याची तयारी करायला घेतात आणि विनोद तिथून सुरू होतो. पैसे 35 लाखांच्या आसपास, नट बहुतेक स्पर्धेच्या रंगभूमीवरचे. पटकथेपासून सेन्सॉरपर्यंत सुरुवात कुठून करावी, आणि ज्यांच्या घरात हे घडून गेलंय ते लोक दुखावतील का?

शेवटच्या शंकेपासून सुरू करतो. ज्याने आपलं माणूस असं गमावलंय असा प्रेक्षक प्रत्येक खेळाला बसलेला असतोच. विनोद त्याला सहसा खुपत नाही. खोटं सलाईन खुपतं, उलटी लावलेली ऑक्सिजनची नळी खुपते, मरता मरता पाच मिनिटं भाषण देणारा पेशंट खुपतो. तपशील अचूक असला की तोच माणूस सगळ्यांत आधी हसतो, कारण हे सगळं त्याने पाहिलेलं असतं आणि तेव्हा हसायची सोय नव्हती. म्हणून खालचं बरंच उत्तर वैद्यकीय आणि कायदेशीर आहे. विनोदाचा माल तिथेच आहे.

बाराव्याच्या तयारीची कल्पना वाईट नाही, पण ती वीस मिनिटांत संपते. आचारी, भटजी, फोटोची फ्रेम, पेपरातल्या निधनवार्तेचे ऱ्हस्व-दीर्घ स्वतः तपासणारे मास्तर, एवढं झालं की पुढे काय? पूर्ण सिनेमा ओढायला याहून दणकट इंजिन लागतं आणि ते आपल्या घराघरांत तयार आहे: पेशंटला सांगायचं नाही. मुलगा डॉक्टरला कॉरिडॉरमध्ये गाठतो, “त्यांना काही बोलू नका, खचतील.” सून केमोला “पावरचं सलाईन” म्हणते. कॅन्सर हा शब्द घरातून हद्दपार होतो, त्याच्या जागी “गाठ”, “इन्फेक्शन”, “लिव्हरला थोडी सूज”. इकडे बायॉप्सीचा रिपोर्ट पीडीएफ होऊन मास्तरांच्याच मोबाईलवर येऊन पडलेला असतो, कारण नोंदणी करताना नंबर त्यांचा दिला होता. त्यांनी तो वाचलाय. बायकोला वाटतं फक्त तिलाच ठाऊक आहे. सगळ्यांना सगळं माहीत आणि प्रत्येकजण दुसऱ्याला सांभाळतोय. फार्सला याहून जास्त काय हवं?

हे कागदावर असं उतरवा. आडव्या ओळीत प्रसंग, उभ्या रकान्यांत पात्रं, आणि प्रत्येक चौकटीत तीनपैकी एक खूण: ठाऊक नाही, ठाऊक आहे, ठाऊक असून दाखवत नाही. लागोपाठच्या दोन प्रसंगांची ओळ सारखी आली तर त्यातला एक प्रसंग फुकट गेला, तो काढा. आणि हे गुपित 55 ते 60 व्या मिनिटापर्यंत फुटलंच पाहिजे. त्यापुढे ताणलं की प्रेक्षकाला घरच्यांचा राग येऊ लागतो आणि रागावलेला प्रेक्षक हसत नाही.

संवाद छोटे ठेवा. केमोच्या पहिल्या दिवसाचा नमुना:

सून: बाबा, पावरचं सलाईन आहे. अशक्तपणा जाईल.
मास्तर: किती वेळ?
सून: शेहेचाळीस तास.
मास्तर: शेहेचाळीस तास सलग पावर? वीज खात्याला जमलं नाही ते यांना जमलं.

यात मास्तर खोटं पकडतात आणि तरीही सुनेला वाचवतात. असा विनोद पेशंटच्या हातात राहतो. पटकथा वाचताना प्रत्येक हशाच्या जागी पेन्सिलीने लिहा की हसू कोणावर. नातेवाईक, बघायला येणारे, कागदपत्रं, स्वतः मास्तर, इतपत ठीक. मास्तरांच्या शरीरावर दुसऱ्या कोणी केलेला विनोद मात्र काढून टाका, तालमीत कितीही हशा आला तरी. तीच गोष्ट त्यांनी स्वतः बोलली तर चालते.

डॉक्टरचं पात्र मूर्ख करू नका, ते फार सोपं होतं. वाईट बातमी देण्याची 2000 साली मांडलेली स्पाइक्स नावाची सहा पायऱ्यांची पद्धत आहे. बसण्याची नीट जागा, पेशंटला काय वाटतंय ते आधी विचारणं, किती जाणून घ्यायचंय ते विचारणं, मग माहिती, मग भावनांना वेळ, शेवटी पुढचा बेत. तिसरी पायरी तुमच्या मास्तरांसाठीच केल्यासारखी आहे. डॉक्टर मनापासून विचारतो, “तुम्हाला किती सांगू?” आणि मास्तर म्हणतात, “का, पेपर फुटलाय?” डॉक्टरने पद्धत काटेकोर पाळली तर त्याला विनोदी करावंच लागत नाही.

आजाराचं निदान 12 व्या मिनिटाच्या आत प्रेक्षकाला कळू द्या. ‘आनंद’ (1971) सुरूच होतो तो त्याच्यावरच्या पुस्तकाला बक्षीस मिळण्याच्या समारंभाने. नायक गेलाय हे पहिल्या प्रसंगात ठाऊक झालं की “वाचेल का?” हा प्रश्न उरत नाही आणि प्रेक्षक मोकळा होतो. जे अजिबात करू नये ते म्हणजे नकार, राग, सौदेबाजी, खिन्नता, स्वीकार या पाच टप्प्यांवर पटकथेचे पाच भाग पाडणं. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये ते टप्पे मांडले, पण माणूस त्यांतून रांगेने जात नाही. सकाळी स्वीकार, दुपारी मासळी महाग झाली म्हणून संताप, रात्री देवाशी सौदा, हे एकाच दिवसात होतं आणि विनोदालाही तेच सोयीचं.

आता आजार. स्वादुपिंडाचा कॅन्सर तुम्ही नकळत का होईना, बरोबर निवडलाय. बोलणं आणि बुद्धी बहुतेक शेवटपर्यंत शाबूत राहते. मोटर न्यूरॉनच्या आजारात बोलणं जाऊ शकतं, मेंदूच्या गाठीत स्वभावच बदलतो, मग नायक आणि आजार वेगळे काढता येत नाहीत. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याच्या भागात दाखवा. तिथे ती पित्तनलिका दाबते, म्हणून पहिली लक्षणं कावीळ, फिकट शौच, गडद लघवी आणि अंगाला विलक्षण खाज. मास्तर दाराच्या चौकटीला पाठ घासताहेत आणि अख्खा वाडा त्यांना कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता सांगतोय, हे तुमचं पहिलं रीळ. मग दुर्बिणीतून पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी, बसतो, कावीळ काही आठवड्यांत उतरते, रंग सुधारतो, आणि सगळा गाव म्हणतो, “बघा, मुळीने गुण आला.” नेमकं तेव्हाच स्कॅनवर लिव्हरमध्ये पसरल्याचं कळतं. प्रकृती सुधारल्यासारखी दिसते आणि बातमी सगळ्यांत वाईट, हा उलटा खेळ आजार स्वतःच पुरवतो. वर पिवळ्या मेकअपचा खर्च सुरुवातीच्या थोड्या प्रसंगांपुरताच राहतो.

केमोत जो पेशंट बऱ्यापैकी धडधाकट आहे त्याला फोलफिरिनॉक्स हा चार औषधांचा कोर्स देतात, दर 14 दिवसांनी. त्यातले दोन तपशील सोन्यासारखे आहेत. पहिला, त्यातलं फ्लुरोयुरासिल 46 तास हळूहळू जातं, म्हणून पेशंट छोटा पंप घेऊन घरी येतो. छातीच्या कातडीखाली बसवलेल्या पोर्टला नळी, नळीच्या टोकाला पाण्याच्या लहान बाटलीएवढा प्लास्टिकचा डबा, आत औषधाने भरलेला फुगा. बॅटरी नाही, आवाज नाही, फुगा आकसत जातो तसं औषध जातं. कमरेच्या पाऊचमध्ये तो ठेवून मास्तर जत्रेच्या नाटकाला पहिल्या रांगेत बसू शकतात. दुसरा तपशील ऑक्सॅलिप्लॅटिनचा. ते दिल्यानंतर काही दिवस गार वस्तूला हात लागला की बोटांत झिणझिण्या येतात आणि गार प्यायलं तर घशात विचित्र आवळल्यासारखं होतं. म्हणजे गोव्यात मार्च-एप्रिलमध्ये, उर्राकचा, म्हणजे काजूच्या हलक्या दारूचा, मोसम ऐन भरात असताना, बर्फाचा ग्लास हातात धरायची सोय नाही. फ्रीजमधले बांगडे काढायला मास्तर क्रिकेटचे ग्लव्ह्ज घालतात. हे लिहून ठेवा, असले प्रसंग कल्पनेने सुचत नाहीत.

त्याच कोर्समध्ये केस विरळ होतात, गुळगुळीत टक्कल पडेलच असं नाही. टक्कल म्हणजे कॅन्सर हा पडद्यावरचा संकेत मोडायची ही चांगली संधी आहे आणि टकलाचा खर्चही वाचतो. उलटी थांबवायला केमोसोबत डेक्सामेथासोन देतात. ते स्टिरॉइड आहे, त्याने झोप उडते. रात्री तीन वाजता मास्तर टक्क जागे आणि 1987 पासूनच्या हजेरीपत्रकांचं कपाट लावताहेत. जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर पाचकरसाची कॅप्सूल घ्यावी लागते, नाहीतर नारळाचं हुमण पचत नाही आणि शौच तेलकट होतं. ती कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते. घरात कोणी शाकाहारी असेल तर या माहितीचं काय होईल ते तुम्हीच ठरवा, पण चेष्टा कोणाच्या श्रद्धेची होऊ देऊ नका, पाकिटावरची बारीक अक्षरं आधी कोण वाचतं याची होऊ द्या.

मॉर्फीनची गोळी हा वेगळा प्रसंग मागते. साधी गोळी दर चार तासांनी घ्यायची असते आणि बद्धकोष्ठ जवळपास ठरलेला, म्हणून पहिल्याच दिवसापासून जोडीला जुलाबाचं औषध. घरच्यांना वाटतं मॉर्फीन म्हणजे शेवटचं औषध. ते लपवून ठेवतात, अर्धी देतात, “सवय लागेल” म्हणतात. ज्याच्याकडे दोन महिने आहेत त्याला सवय लागण्याची भीती, या वाक्यावर थिएटर हसतं आणि लगेच गप्पही होतं. बघायला येणाऱ्यांचा एक प्रसंग पुरे: शहाळी, ग्लुकोजची बिस्किटं, लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा, आणि “माझ्या मावसभावाला अगदी हेच होतं” असं सुरू होऊन “तो गेला म्हणा” असं संपणारं वाक्य. सगळे एकाच वेळी आणा. वेगवेगळे आणलेत तर पंधरा मिनिटं खाल्ली जातील.

गुपित फुटल्यानंतरचा तिसरा भाग कशावर चालवायचा? इथे गोवाच कामाला येतो. इतरत्र सिनेमात बाप मुलाला “बेदखल करीन” म्हणतो. गोव्यात ते इतकं सोपं नाही. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली आणि आता 2012 च्या वारसाहक्क, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कायद्यात बसवलेली व्यवस्था अशी: लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, निम्मी तिची. उरलेल्या निम्म्यातला निम्मा हिस्सा मुलांचा राखीव, कायद्यात दिलेली मोजकी कारणं सोडली तर तो काढून घेता येत नाही. म्हणजे मास्तर एकूण मालमत्तेच्या फक्त चौथ्या हिश्शाचं मृत्युपत्र आपल्या मर्जीने करू शकतात. आयुष्यभर “सगळं वाचनालयाला देईन” असं धमकावणाऱ्या माणसाला फळ्यावर अपूर्णांक मांडून आपली सत्ता किती ते कळतं. हा प्रसंग गणित शिकवतो तसाच लिहा, पायरी-पायरीने.

त्याच्याच जोडीला लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत ते शुद्धीत असताना लिहून ठेवलेला कागद. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 च्या निकालात ते मान्य केलं आणि 24 जानेवारी 2023 ला रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, पूर्वी न्यायदंडाधिकारी लागत असे. मालमत्तेचं सार्वजनिक मृत्युपत्र मात्र सब-रजिस्ट्रारकडे, जो गोव्यात विशेष नोटरी असतो. एकाच दिवशी दोन विलं, दोन नोटरी, एक बाहेर टेबल टाकून बसलेला आणि दुसरा आत पंख्याखाली, साक्षीदार तेच दोघे आणि कागदांची अदलाबदल. वकिलाकडून मसुदे तपासून घ्या. गोव्यातल्या प्रेक्षकात कायदा कोळून प्यायलेला एक काका असतोच.

भाषेचं आधीच ठरवा. डिचोलीच्या घरात बोलणं कोंकणी, पत्र, भजन आणि नाटक मराठी, फाईल इंग्रजी. सगळ्यांना पुस्तकी मराठी बोलायला लावलंत तर सिनेमा पुण्याचा वाटेल. मास्तर मराठीचे, ते घरातही मराठीच बोलतात आणि इतरांना दुरुस्त करतात. बायको कोंकणीत उत्तर देते, असं ठेवलं की दोन्ही भाषा नैसर्गिक येतात. मात्र सिनेमाच्या सरकारी योजनांच्या अर्जात मुख्य भाषा लिहावी लागते, तेव्हा मराठीचं पारडं जड राहील एवढं बघा.

नट. स्पर्धेच्या नाटकातला नट शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवतो, हशासाठी थांबतो आणि शरीर प्रेक्षकाकडे उघडं ठेवतो. कॅमेऱ्यापुढे तिन्ही सवयी घातक. आठ ते दहा दिवस तालीम प्रत्यक्ष घरात घ्या, समोरचा नट तीन फुटांवर, आणि एक काम हाताला द्या: कोकमं निवडणं, सुपारी कातरणं, गोळ्या डबीत भरणं. हात गुंतले की आवाज आपोआप खाली येतो. दशावतारातले नट घेत असाल तर त्यांच्या उत्स्फूर्त जोडवाक्यांना पहिल्या दोन तालमींत मोकळं सोडा, चांगली ती पटकथेत घाला आणि मग दार बंद करा. दर टेकला वेगळं वाक्य आलं की संकलनात जोड बसत नाही.

आजाराच्या पाच अवस्था ठरवा, अ, ब, क, ड, इ, आणि प्रत्येक प्रसंगावर अक्षर टाका. नटाला उपाशी ठेवू नका; त्याने चेहरा थकतो, बारीकपणा दिसत नाही. बारीकपणा कपड्यांत असतो. एकाच रंगाचे, एकाच कापडाचे तीन शर्ट शिवून घ्या, मापात, एक माप मोठा आणि दोन मापं मोठा. कॉलर आणि मान यांच्यात दोन बोटं जातील एवढी फट दिसली की काम झालं. घड्याळाचा पट्टा एक-एक भोक आत, शेवटी घड्याळ कोपराकडे सरकतं. लग्नाची अंगठी सैल झाली म्हणून तिला आतून दोरा गुंडाळलेला, हा क्लोजअप कुठल्याही मेकअपहून जास्त सांगतो. चेहऱ्यावर कानशिलाचा खळगा आणि गालाच्या हाडाखालची सावली, तेवढंच. ‘इ’ अवस्थेत पोटात पाणी होऊन पोट फुगलेलं, हात-पाय काटकुळे, पावलांना सूज. उशी बांधताना ती बरगड्यांखाली बसवा, पूर्ण धडावर नको. डोळ्यांच्या पिवळेपणासाठी लेन्सच्या फंदात पडू नका. क्लोजअपमध्ये कलर ग्रेडिंगला, म्हणजे शूटनंतर रंग जुळवताना, बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पिवळा करता येतो, आणि साठीच्या पुढच्या नटाच्या डोळ्यांचे हाल वाचतात.

सरकारी हॉस्पिटलात, म्हणजे बांबोळीला, वॉर्ड चालू असताना शूटिंगची अपेक्षाच ठेवू नका आणि ठेवूही नये. बंद पडलेलं खासगी नर्सिंग होम मिळालं तर उत्तम. नाहीतर शाळेचा वर्ग पुरतो: चार लोखंडी खाटा, चार लॉकर, तीन सलाईन स्टँड, भिंतीला कमरेपर्यंत ऑइल पेंटचा पट्टा, छताला रुळावरचे हिरवे पडदे. सलाईनमध्ये साधं पाणी, हाताला सुई काढलेली कॅन्युला (शिरेत घालायची छोटी नळी) चिकटपट्टीने, आणि नळीचं टोक चादरीखालच्या बाटलीत. थेंब पडताना दिसले पाहिजेत. नाकातल्या ऑक्सिजनच्या नळीची दोन टोकं वळणाने खाली आणि आत जातात, सेटवर ती हमखास उलटी लागतात. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि हवेच्या गादीचा पंप, दोन्ही घरघरतात. टेकच्या वेळी बंद ठेवा, आवाज वेगळा रेकॉर्ड करून नंतर घाला. औषधांची पाकिटं स्वतः छापून घ्या, खऱ्या कंपनीचं नाव नको. सल्लागार म्हणून कॅन्सरच्या मोठ्या डॉक्टरपेक्षा पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे बरा न होणाऱ्या पेशंटला आराम देणारी, नर्स दोन दिवस सेटवर आणा. उशी कशी फिरवतात, कूस कशी बदलतात, तोंड ओल्या कापसाने कसं पुसतात, हे तिला ठाऊक असतं. खरे पेशंट एक्स्ट्रा म्हणून बसवू नका, केमोत त्यांची प्रतिकारशक्ती घटलेली असते.

वॉर्डातल्या ट्यूबलाईटखाली सेकंदाला 24 फ्रेमवर शूट करताना शटर 172.8 अंशांवर ठेवा, म्हणजे 1/50 सेकंद. आपली वीज 50 हर्ट्झची, 180 अंशांवर काही ट्यूब पडद्यावर लपलपतात आणि ते नंतर काढणं महाग पडतं. कॅमेऱ्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. दोन लेन्स आणि स्थिर तिकाटणं, विनोदाला तेवढं बस.

आवाजावर मात्र पैसे घाला. पावसाळ्यात पत्र्याखाली संवाद रेकॉर्ड होत नाहीत, कौलाखालीही जेमतेम. उर्राकचे प्रसंग आहेत म्हणजे फेब्रुवारी अखेर ते एप्रिल हा तुमचा काळ. त्यात कार्निव्हल किंवा शिगमो येतोच आणि गावची जत्रा तिथीवर असते, तेव्हा पंचांग आणि देवस्थानची पत्रिका हाताशी ठेवून वेळापत्रक करा. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळेला वाजतो, ती वेळ कॉलशीटवर, म्हणजे दिवसाच्या शूटिंगच्या पत्रकावर, लिहा. जुनं घर शूटिंगला घेताना एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, बघा. वर सांगितलेल्या वारसाहक्कामुळे एका घराला सात-आठ नावं असतात, त्यातलं एक पोर्तुगालला. राहणाऱ्या माणसाची आणि त्याच्या जोडीदाराची सही घ्या, बाकीच्यांचं ना-हरकत निदान लेखी मेसेजवर तरी. शूटिंगच्या परवानग्यांसाठी गोवा मनोरंजन संस्था ही नोडल संस्था आहे. पंचायतीला वेगळं पत्र द्या. ड्रोन लावणार असाल तर दाबोळीचा नौदलाचा तळ आणि मोपाचा विमानतळ दोन्ही नकाशावर बघा. मांजर किंवा कोंबडा फ्रेममध्ये पात्र म्हणून हवा असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी काढावी लागते, नंतर सेन्सॉरला अडतं.

मरणाचा प्रसंग. घरी मरणाऱ्या माणसाला मॉनिटर नसतो, तेव्हा सरळ रेषेचा प्रश्नच येत नाही. हॉस्पिटल असलं तरी सरळ रेषेला झटका देत नाहीत, आणि अशा पेशंटला तर नाहीच. शेवटचे एक-दोन दिवस माणूस बहुतेक झोपेत असतो. श्वास वर चढतो, उतरतो, थांबतो. पंधरा-वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. घरचे “गेले” म्हणतात, कोणीतरी मोठ्याने रडायला सुरुवात करतं, आणि श्वास परत येतो. हे खरंच होतं आणि त्यात हसू व भीती एकाच क्षणी असते. पडद्यावर 12 सेकंद पुरतात, तेही न कापता, एकाच दूरच्या शॉटमध्ये. हे एकदाच करा. दुसऱ्यांदा केलंत तर गंमत होते. त्यानंतर संगीत घालू नका. मरणानंतर सिनेमा अजून सहा-सात मिनिटं चालू द्या: घरी आलेला डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा फॉर्म 4अ भरतो, 21 दिवसांत नोंदणी, दाखल्याच्या किती प्रती काढायच्या यावर भावांचं भांडण, आणि मास्तरांनी आधीच भरून ठेवलेला अर्ज, फक्त तारीख कोरी.

संकलनात पंचच्या वाक्यानंतर 36 ते 48 फ्रेम मोकळ्या ठेवा, दीड ते दोन सेकंद, नाहीतर पुढचं वाक्य हशात बुडतं. कच्चा कट दोनदा दाखवा, एकदा पॅलिएटिव्ह केअरच्या नर्सना, एकदा गावच्या वाचनालयात अनोळखी वीस-पंचवीस जणांना. हॉलचा आवाज रेकॉर्ड करून टाइमलाईनखाली लावा. कुठे हसले हे लोक सांगतात त्यापेक्षा ती पट्टी खरं सांगते. नर्स हसल्या आणि गाव हसला नाही तर माहिती अपुरी पोचलीये. उलटं झालं तर तपशील चुकलाय.

35 लाखांत 16 दिवसांचं शूट आणि सेटवर 18 माणसं एवढं बसतं, मुक्काम डिचोलीतच ठेवला तर. दहा टक्के बाजूला काढून ठेवा आणि त्याला हात लावू नका. जेवण-प्रवासावर 15 टक्के, सेटवरचा आवाज आणि नंतरचं ध्वनिकाम मिळून 12 ते 15 टक्के. मुख्य नट साठीचा असेल तर त्याचा दिवस आठ तासांचा आणि खाटेवर झोपून सलग दोन तासांपेक्षा जास्त नको, प्रकाशयोजनेसाठी दुसरं कोणीतरी झोपवा. युनिटमध्ये कोणाच्या घरी नुकतंच असं झालंय का हे आधी एकेकट्याला विचारा. त्या माणसाला मरणाच्या प्रसंगाच्या दिवशी सुट्टी घ्यायची मुभा द्या, कारण न विचारता.

मास्तर नाट्यपदं गुणगुणणार असतील तर जुनी घ्या. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतात. ‘सौभद्र’चे अण्णासाहेब किर्लोस्कर 1885 मध्ये गेले, त्यांची पदं मोकळी आहेत. नटाने स्वतः गायची. कुणाची ध्वनिमुद्रिका वाजवली तर तिचा हक्क वेगळा. विडी-सिगरेट एकाही शॉटमध्ये नको, नाहीतर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी फिती आणि पडद्यावर सूचना लावाव्या लागतात, आणि अशा सिनेमात ती जाहिरात नको तिथे हसवते.

सेन्सॉरचं प्रादेशिक कार्यालय गोव्यात नाही, अर्ज मुंबईला. 2023 च्या दुरुस्तीनंतर यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघावा) या प्रमाणपत्राचे 7+, 13+, 16+ असे तीन गट झालेत. तुमच्या विषयाला यूए 13+ धरून चाला. इंग्रजी सबटायटल एका ओळीला 42 अक्षरांच्या आत, आणि पंचचा शब्द पुढच्या कार्डावर टाका, नाहीतर नट बोलायच्या आधीच अर्धं थिएटर वाचून हसतं. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, नोव्हेंबरात पणजीला असतो आणि त्याच सुमाराला 2007 पासून सिनेमांना खरेदीदार व भागीदार मिळवून देणारा फिल्म बाजारही भरतो. अर्जाच्या मुदती त्याच्या बऱ्याच आधी संपतात. मार्च-एप्रिलमध्ये शूट केलंत तर संकलनाला जून-जुलै मिळतो, म्हणजे त्या वर्षी कच्च्या कटावरच अर्ज करावा लागेल. घाई वाटली तर त्या वर्षीचा इफ्फी सोडा. घाईत उरकलेला विनोद कोणी घेत नाही.